बाळाच्या जांघेतली गाठ: हर्नियाच्या ऑपरेशनची भीती कुठे रास्त, कुठे अनाठायी

हर्निया म्हटलं की घराघरांत एखादे आजोबा किंवा काका आठवतात. जांघेत फुगवटा, त्यावर मेडिकलमधून आणलेला पट्टा, "बघू पुढच्या वर्षी" म्हणत काढलेली वर्षं आणि मग एकदाचं जाळी टाकून केलेलं ऑपरेशन. त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळाला तपासून डॉक्टर जेव्हा म्हणतात, "हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या, फार थांबू नका," तेव्हा घरातले सगळेच चक्रावतात. एवढ्याशा जिवाला म्हातारपणाचं दुखणं कसं झालं? आणि आजोबांनी दहा वर्षं काढली, मग याचीच एवढी घाई कशाला?

खरं तर लहान मुलांच्या जांघेतला हर्निया आणि मोठ्यांचा हर्निया यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. कारण वेगळं, ऑपरेशन वेगळं आणि थांबण्याचा हिशेब तर बरोबर उलटा. बालरोगतज्ज्ञ म्हणून ओपीडीत बसताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पालकांची भीती खोटी नसते, पण तिचा रोख चुकलेला असतो. भुलीच्या नावानं हातपाय गळतात आणि "दोन-तीन महिने बघू" हे मात्र अगदी सहज म्हटलं जातं. प्रत्यक्षात त्या बाळाला जास्त धोका असतो तो या दुसऱ्या गोष्टीचा.

गाठ येते कुठून

मुलगा आईच्या पोटात असताना त्याच्या गोट्या, म्हणजे वृषणं, तयार होतात पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्या जांघेतून खाली अंडकोषात उतरतात. उतरताना पोटाच्या आतलं पातळ अस्तर त्यांच्यासोबत खाली येतं आणि हातमोज्याच्या बोटासारखी एक अरुंद पिशवी तयार होते. जन्माच्या सुमारास किंवा त्यानंतर काही महिन्यांत या पिशवीचं तोंड आपोआप मिटतं. काही बाळांत ते मिटत नाही. मग बाळ रडलं, कुंथलं, खोकलं की पोटातला दाब वाढतो आणि आतड्याचा एखादा वेढा त्या उघड्या तोंडातून खाली सरकतो. बाहेरून आपल्याला दिसते ती जांघेतली गाठ. बाळ शांत झोपलं की आतडं परत पोटात जातं आणि गाठ नाहीशी होते.

म्हणजे इथे स्नायू कमजोर झालेले नसतात. आजोबांच्या पोटाची भिंत वयानं, खोकल्यानं, ओझी उचलून सैल पडलेली असते. बाळाची भिंत ठणठणीत असते, फक्त मिटायची ती वाट उघडी राहिलेली असते. पुढचं सगळं या एका फरकावर अवलंबून आहे.

पूर्ण दिवस भरलेल्या बाळांत दर शंभरात एक ते पाच जणांना हा हर्निया होतो. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांत प्रमाण बरंच जास्त असतं, कारण वाट मिटायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. मुलांमध्ये तो मुलींपेक्षा कितीतरी जास्त आणि उजव्या बाजूला जास्त, कारण उजवी गोटी सहसा उशिरा उतरते. मुलींनाही होतो. त्यांच्या पिशवीत कधी कधी आतड्याऐवजी अंडाशय उतरतं आणि जांघेत बदामाएवढी टणक गोळी हाताला लागते. ती मालिश करून "बसवायला" जाऊ नये, डॉक्टरांना दाखवावी.

हे सगळं सांगून झालं की बहुतेक वेळा आई हळूच विचारते, "माझं काही चुकलं का?" गरोदरपणात कळशी उचलली म्हणून, बाळाला फार वेळ रडू दिलं म्हणून, न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी पोटाला जोरात मालिश केली म्हणून हे झालं का? नाही. वाट आधीपासूनच उघडी होती. रडण्यानं हर्निया होत नाही, असलेला दिसतो. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर हे वाक्य मी मुद्दाम जरा मोठ्यानं सांगते.

निदानासाठी सहसा सोनोग्राफी लागत नाही, हातानं तपासून कळतं. अडचण एवढीच की घरी संध्याकाळी लिंबाएवढी दिसणारी गाठ दवाखान्यात आल्यावर हमखास गायब असते. म्हणून गाठ दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लंगोट काढून, पुरेशा उजेडात, दोन्ही जांघा एका चौकटीत येतील असा. अशा एका फोटोनं सर्जनचं अर्धं काम होतं आणि तुमचा एक हेलपाटा वाचतो.

सगळ्याच गाठींना ऑपरेशन लागत नाही

"आमच्या शेजारच्या बाळाचा हर्निया आपोआप बरा झाला" हे वाक्य पालक कुठून ना कुठून ऐकून येतात. शेजारी खोटं बोलत नसतात. ते बहुधा दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात.

बेंबी फुगते तो हर्निया वेगळा. नाळ पडल्यावर बेंबीखालचं छिद्र मिटायला वेळ लागतो, तोवर रडताना बेंबी टम्म फुगून बाहेर येते. दिसायला भीतीदायक, पण बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत ती आपोआप बसते आणि तोपर्यंत आतडं अडकणं फार क्वचित घडतं. त्यामुळे तिथे थांबणं हाच उपचार. पाच वर्षांनंतरही राहिली किंवा छिद्र बरंच मोठं असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. आपल्याकडे बेंबीवर रुपयाचं नाणं कापडात गुंडाळून पट्टीनं आवळायची पद्धत अजून आहे. त्यानं छिद्र लवकर मिटत नाही. पट्टीखाली घाम साचतो, कातडी लाल होते, पू होतो, आणि असं चिघळलेलं पोट घेऊन आलेली बाळं मी पाहिली आहेत. नाणं काढून टाका. बेंबी आपोआप बसली की श्रेय नाण्याला मिळतं, म्हणून ही पद्धत टिकून आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अंडकोषात पाणी साचणं, ज्याला हायड्रोसील म्हणतात. वाट तीच, पण इतकी बारीक की आतडं उतरू शकत नाही, फक्त पोटातलं पाणी झिरपतं. बाळाचा अंडकोष फुगलेला दिसतो, दुखत नाही, अंधारात बॅटरी लावली तर उजेड आरपार दिसतो. हेही बहुतेकांत वर्ष-दीड वर्षात, फार तर दोन वर्षांत ओसरतं. मात्र बॅटरी लावून घरच्या घरी निदान करू नका. तान्ह्या बाळाचं आतडं इतकं पातळ असतं की त्यातूनही उजेड दिसू शकतो.

जांघेतला हर्निया मात्र आपोआप बरा होत नाही. औषधानं नाही, तेलानं नाही, पट्ट्यानं तर मुळीच नाही. पट्टा गाठ झाकतो आणि दाबतो. नाजूक आतडं बाहेर असताना त्यावर आवळलेला पट्टा काय करेल याचा विचार करा.

थांबण्यातला धोका

उघड्या तोंडातून खाली आलेलं आतडं कधी कधी परत जाऊ शकत नाही. तोंड अरुंद, आतडं वायूनं आणि सुजेनं फुगलेलं. मग त्याचा रक्तपुरवठा हळूहळू तुटायला लागतो. शेजारूनच गोटीच्या रक्तवाहिन्या जात असतात, त्याही दाबल्या जातात. बाळ जितकं लहान तितकी ही शक्यता जास्त, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मिळून वाट पाहणाऱ्या दोन वर्षांखालच्या हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या वर्षाखालच्या बाळांपैकी निदानानंतर १४ दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत आतडं अडकण्याचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास होतं. १४ दिवसांपेक्षा जास्त थांबलेल्यांत ते दुप्पट, शंभरात दहाच्या आसपास. "आता आषाढ लागलाय", "मामाचं लग्न होऊ दे", "जरा बाळसं धरू दे" ही आपली नेहमीची कारणं या आकड्यांशेजारी ठेवून बघावीत. बाळसं धरायची वाट बघण्यात काही हशील नाही. वजन चांगलं असलेल्या बाळाचंही आतडं तसंच अडकतं.

आतडं अडकलं हे कसं ओळखायचं? नेहमी मऊ असणारी आणि आत जाणारी गाठ टणक होते, हात लावू देत नाही, आत जात नाही. बाळ काही केल्या शांत होत नाही. दूध नाकारतं, उलटी करतं. उलटी हिरवी असेल, पोट फुगलं असेल किंवा गाठीवरची कातडी लाल-जांभळी दिसत असेल तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी जिथे लहान मुलांचं ऑपरेशन होऊ शकतं अशा रुग्णालयात थेट जायचं. निघताना दूध पाजायचं नाही. गाठ जोर लावून आत ढकलायची नाही. बाळाला उताणं कुशीत घेऊन शांत करता आलं तर करा, कारण रडणं थांबल्यावर कधी कधी ती आपसूक आत जाते. गेली तरी त्याच दिवशी दाखवा.

रुग्णालयात अनुभवी सर्जन बाळाला गुंगी देऊन बहुतेक वेळा आतडं हलक्या हातानं आत सरकवू शकतात. तसं झालं तर लगेच रात्री चाकू लावत नाहीत. एक-दोन दिवस सूज उतरू देतात आणि घरी न पाठवता मग ऑपरेशन करतात. आत गेलंच नाही तर मात्र तातडीनं करावं लागतं. सुजलेली पिशवी ओल्या कागदासारखी फाटत असते, गुंतागुंत जास्त, मुक्काम जास्त. ठरवून, शांतपणे, सकाळच्या वेळी केलेलं वीस-तीस मिनिटांचं ऑपरेशन आणि हे ऑपरेशन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याला एक अपवाद आहे. दिवस भरायच्या खूप आधी जन्मलेली, एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असलेली बाळं. त्यांचं ऑपरेशन घरी सोडण्याआधी करावं की नंतर, यावर बरीच वर्षं मतभेद होते. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. एनआयसीयूतून सोडण्याआधी ऑपरेशन झालेल्या बाळांत शंभरात २८ जणांना काही ना काही गंभीर त्रास झाला, वाढू देऊन नंतर केलेल्यांत १८ जणांना. त्यामुळे तुमचं बाळ असं असेल आणि सर्जन म्हणाले "थोडं थांबू", तर ते टाळाटाळ करत नाहीयेत. फक्त त्या काळात वर सांगितलेली लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत.

भूल आणि बाळाचा मेंदू

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो विचारताना बाबांचाही आवाज बदलतो. पूर्ण भूल दिल्यानं बाळाच्या मेंदूवर परिणाम होईल का? पुढे अभ्यासात मागे पडेल का?

ही शंका आकाशातून पडलेली नाही. प्राण्यांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दीर्घकाळ भूल दिल्यावर मेंदूच्या पेशींना इजा दिसली होती. त्यावरून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएनं, डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला: तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागणार असेल तर विचारपूर्वक ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना या वाक्यातले तीन तास गळून जातात आणि फक्त "भूल धोक्याची" एवढंच उरतं.

गंमत अशी की माणसाच्या बाळांत हा प्रश्न सर्वांत काटेकोरपणे तपासला गेला तो नेमका हर्नियाच्याच ऑपरेशनमध्ये. कारण हे ऑपरेशन पूर्ण भूल न देताही, फक्त कमरेत इंजेक्शन देऊन करता येतं, त्यामुळे तुलना शक्य होते. ऑस्ट्रेलिया, इटली, अमेरिका, ब्रिटन अशा सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ तान्ह्या बाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी झाली. एका गटाला पूर्ण भूल, दुसऱ्याला जागेपणी कमरेतली भूल. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्ध्यांक चाचणी घेतली. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: दोन्ही गटांची सरासरी ९९च्या आसपास, फरक नाही. त्या बाळांना दिलेली भूल साधारण तासाभराची होती, म्हणजे तुमच्या बाळाला लागेल तेवढीच. एवढा थेट लागू पडणारा पुरावा वैद्यकात फार थोड्या प्रश्नांना मिळतो.

भुलीबाबत खरी काळजी घ्यायची जागा वेगळी आहे, आणि ती पालकांच्या हातात आहे. ती म्हणजे उपाशी पोट. भूल दिल्यावर घशाची राखण सैल पडते. पोटात दूध किंवा अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून पोळी, बिस्किट, वरचं दूध, पावडरचं दूध यांना ऑपरेशनआधी सहा तास बंदी असते, आईच्या दुधाला चार तास, साध्या पाण्याला दोन तास. काही ठिकाणी पाण्याची सवलत आणखी जास्त असते. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम. उलट बाजूही लक्षात ठेवा: रात्री दहापासून सकाळी अकरापर्यंत बाळाला कोरडं ठेवायची गरज नसते. पहाटे उठवून वेळेत पाजता येतं, फक्त नेमकी वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. दोन वर्षांचं पोर भुकेनं रडून रडून लाल झालेलं, आई फॉर्म भरायला गेलेली, आणि आजीच्या पदराआडून अर्धं पारले-जी हळूच त्याच्या तोंडात जातं. आजी प्रेमानंच देते, पण तेवढ्यावर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. ते सांगितलं गेलं तर किमान ऑपरेशन पुढे ढकलता येतं. कुणी रागावेल म्हणून लपवलं तर खरा धोका. त्यामुळे बाळाजवळ थांबणाऱ्या प्रत्येकाला कारणासकट सांगून ठेवा आणि खाल्लं असेल तर निःसंकोच कबूल करा.

तसंच सर्दी-खोकल्याचं. नाक वाहतंय, छातीत घरघर आहे, ताप येऊन गेला, हे भूलतज्ज्ञांना सांगा. अशा वेळी श्वासनलिका चिडलेली असते आणि काही आठवडे थांबणं शहाणपणाचं असू शकतं. दम्याचा पंप, औषधाची अ‍ॅलर्जी, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तो, नुकतीच दिलेली लस, हेही सांगायचं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना भुलीनंतर काही सेकंद श्वास थांबण्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून त्यांना रात्रभर मॉनिटरवर ठेवतात. बाळ किती आठवड्यांचं असताना जन्मलं ते लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड त्यासाठी सोबत हवंच.

थिएटरच्या दारातली ताटातूट हा आणखी एक कठीण क्षण. सहा महिन्यांचं बाळ कुणाच्याही कडेवर जातं, दोन-तीन वर्षांचं जात नाही. बऱ्याच ठिकाणी आधी गुंगीचं सिरप पाजतात, काही ठिकाणी झोप लागेपर्यंत आई किंवा बाबांना आत येऊ देतात. विचारायला लाजू नका. आवडतं पांघरूण किंवा बाहुली आत नेता येते का, हेही विचारा. आणि मोठ्या मुलाला "काही नाही, नुसतं दाखवायला चाललोय" असं फसवू नका. "तू झोपशील, डॉक्टर गाठ बरी करतील, उठशील तेव्हा मी तिथेच असेन" एवढं तीन वर्षांच्या मुलाला समजतं.

आत काय करतात

जांघेच्या नैसर्गिक घडीत दीड-दोन सेंटिमीटरची चीर. आत ती पिशवी शोधायची, तिला चिकटून जाणाऱ्या गोटीच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी अलगद बाजूला करायच्या, आतडं पोटात आहे याची खात्री करून पिशवीचं तोंड जितकं वर जमेल तितकं वर बांधायचं. संपलं. स्नायू शिवायचे नाहीत, जाळी नाही. वाढत्या मुलाच्या शरीरात जाळी टाकायची गरजच नसते, आणि कुणी तसं सुचवलं तर मी दुसरं मत घ्यायला सांगेन. टाके आत विरघळणारे असतात, ते काढायला यावं लागत नाही. घडीतला व्रण वर्षभरात इतका पुसट होतो की शोधावा लागतो.

दुर्बिणीतून करायचं की चीर देऊन? दोन्हींचे निकाल चांगले आहेत. दुर्बिणीत दुसऱ्या बाजूची वाट उघडी आहे का ते त्याच वेळी दिसतं, हा फायदा. मुलींमध्ये अंडाशय आणि गर्भाशय नीट आहेत हेही पाहता येतं. पण सर्जन ज्या पद्धतीनं रोज करतात ती पद्धत चांगली, असं माझं मत आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सर्जन लहान मुलांचे असावेत. एमसीएच पिडिअ‍ॅट्रिक सर्जरी किंवा तत्सम पदवी, आणि सोबत तान्ह्या बाळांना भूल देण्याची सवय असलेले भूलतज्ज्ञ. बाळाच्या शुक्रवाहिनीची जाडी जाड्या दोऱ्याएवढीही नसते. मोठ्यांची शंभर ऑपरेशनं केलेला हात इथे आपोआप तयार होत नाही. वर्षाखालच्या बाळासाठी जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या गावी जावं लागलं तरी जा.

तिथून पुढे एक प्रश्न येतो, बहुतेकदा आजोबांकडून, केबिनबाहेर गाठून: "पुढे याला मूलबाळ होईल ना?" होईल. शुक्रवाहिनीला इजा होणं किंवा गोटी आक्रसणं अनुभवी हातात अगदी क्वचित घडतं. आतडं अडकून गोटीचं रक्त तुटतं तेव्हा मात्र हा धोका वाढतो. वंशाची काळजी असेल तर ऑपरेशन वेळेवर करणं हाच त्यावरचा उपाय.

त्याच दिवशी घरी

सहसा संध्याकाळपर्यंत सोडतात, आणि याचीच लोकांना शंका येते. पैसे वाचवायला लवकर काढतायत का? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या मुलांच्या रुग्णालयातले सर्जन जेम्स निकोल यांनी १९०९ मध्ये आपल्या दहा वर्षांच्या कामाचा हिशेब मांडला होता: ८,९८८ मुलांची ऑपरेशनं, त्यांत हर्नियाचीही, आणि मुलं त्याच दिवशी आईच्या कुशीत घरी. आईजवळ बाळ जास्त शांत राहतं आणि वॉर्डातल्या दुसऱ्यांच्या जंतूंपासून लांब राहतं, हा त्यांचा अनुभव शंभर वर्षांनंतरही खरा आहे.

दुखतं, पण जेवढं वाटतं तेवढं नाही. भुलीत असतानाच पाठीच्या खालच्या टोकाशी एक इंजेक्शन देतात, त्यानं काही तास कमरेखाली दुखत नाही. त्याचा असर उतरायच्या आतच वजनानुसार लिहून दिलेलं पॅरासिटामॉल सुरू करा. रडायला लागल्यावर शोधाशोध नको. भूल उतरताना काही मुलं अर्धा तास वेड्यासारखी रडतात, कुणाला ओळखत नाहीत. तो भुलीचा परिणाम असतो, आपोआप शांत होतात. उठल्यावर थोडं पाणी, मग दूध, मग जे मागेल ते. भात, तूप, केळी, आंबट काहीही पथ्य नाही. "टाक्यात पू होईल म्हणून वरण-भात बंद" याला आधार नाही.

पहिले काही दिवस जखमेच्या खाली, अंडकोषात सूज दिसते. नेमकी तीच जागा पुन्हा फुगलेली पाहून पालकांना वाटतं, हर्निया परत आला. ती ऑपरेशनची सूज असते, काही आठवड्यांत ओसरते. रडताना कमी-जास्त होत नाही, हा फरक. लंगोट सैल बांधा, शी-शू लगेच पुसा. अंघोळ कधीपासून घालायची ते जखमेवर पट्टी आहे की ग्लू यावर ठरतं, निघताना विचारा. तान्ह्या बाळाला कसलंच बंधन नाही, रडू द्यायला घाबरू नका, टाके रडण्यानं उसवत नाहीत. शाळकरी मुलाला आठवडाभरानं शाळा, सायकल आणि दंगामस्ती दोन-तीन आठवड्यांनी.

ताप येतोय, जखमेतून पू किंवा रक्त येतंय, सूज रोज वाढतेय, उलट्या थांबत नाहीत किंवा सात-आठ तास शू झाली नाही, तर फोन करून विचारत बसू नका, घेऊन जा.

खर्चाचं थोडक्यात सांगते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, जसं पुण्याचं ससून किंवा मुंबईचं जेजे, आणि मुंबई महापालिकेच्या केईएमसारख्या रुग्णालयांत लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र विभाग आहेत. परळचं वाडिया रुग्णालय तर खास मुलांसाठीच १९२९ पासून चालू आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. बाळाचं ऑपरेशन योजनेत बसतं का, कागद कोणते लागतात, हे भरती होण्याआधी त्याला विचारा, नंतर नाही. बाळाचं आधार अजून निघालं नसेल तर जन्मदाखला तरी जवळ असू द्या.

एकदा बांधलेली पिशवी त्याच बाजूला पुन्हा उघडण्याची शक्यता फार कमी, शंभरात एखाद-दुसऱ्यालाच. दुसऱ्या बाजूला पुढे हर्निया होण्याची शक्यता मात्र शंभरात सातच्या आसपास असते. म्हणून ऑपरेशननंतरही अंघोळीच्या वेळी दोन्ही जांघांवर नजर असू द्या. सर्जननी दिलेली पुढची तारीख मूल हसतं-खेळतंय म्हणून चुकवू नका. त्या दिवशी जखमेपेक्षा गोटी अंडकोषात आपल्या जागी आहे का, हे पाहायचं असतं. कधी कधी ती वर ओढली जाते आणि तसं असेल तर ते लवकर कळलेलं बरं.